पेन्सिलकाकांचा बुधवार

पेन्सिलकाका माणसाकडे बघायचे ते आधी हातांकडे. चेहरा नंतर. नमस्कार घेता घेता त्यांची नजर तुमच्या बोटांवरून फिरून यायची आणि मग ते असं काहीतरी बोलायचे, की समोरचा आपोआप सरळ होऊन बसे. डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीला ते एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही तराजू नुसता दाखवायला ठेवलाय. वजन तुमच्या हाताला आधीच कळतं." ती लाजली आणि तिनं मूठभर वाटाणे जास्त घातले. पुढं गेल्यावर काका मला म्हणाले, "पाहिलंस? हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं." वाटाण्यांचा आनंद त्यांना झाला नव्हता असं नाही, पण तो दुय्यम होता.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते पर्सोनेल खात्यात होते. कामगार भरतीसाठी कंपनीनं त्यांना कसल्या कसल्या चाचण्या घ्यायला शिकवलं आणि त्यांना तो नादच लागला. डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी दहावीची मुलं कलचाचणीला बसायची. फी म्हणून काका पैसे घेत नसत. प्रत्येकानं एक नवी, टोक न काढलेली पेन्सिल आणायची. काका स्वतः ब्लेडनं तिला टोक काढून द्यायचे आणि चाचणी झाली की ती डब्यात जमा व्हायची. पेन चालत नसे. "शाई हातात आली की माणूस शहाणपणाची उत्तरं द्यायला लागतो," ते म्हणायचे. "पेन्सिलीनं लिहिताना खरं बोलतो." त्या डब्यांमुळंच त्यांना हे नाव पडलं. खरं आडनाव टपालवाल्यालाच काय ते माहीत असावं.

त्यांच्याकडे एक लाकडी कपाट होतं. त्यात फोर्टातल्या फुटपाथवरून आणलेली इंग्रजी पुस्तकं होती. आपल्यातले गुण कसे ओळखावेत, आपल्याला साजेसं काम कसं शोधावं, असल्या विषयांची. सगळ्यांना खाकी कव्हरं आणि पाठीवर नंबर. पुस्तक वाचायला मिळे, पण परत देताना "मला माझं एक बळ सापडलं" असा एक कागद लिहून द्यावा लागे. एका मुलानं लिहिलं होतं, "मला कुठंही, कधीही झोप लागते." आम्ही हसलो. काकांनी कागद गंभीरपणे फायलीला लावला. "हेसुद्धा बळच आहे. निम्मं जग यासाठी गोळ्या खातं." मग चष्मा पुसत त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "माणसाला आपले दोष पाठ असतात. बळाचं नाव विचारा, गप्प बसतो."

आम्ही पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहायचो. आमची माणसं खाडीवरची. आजोबांची होडी होती. बाबांच्या वेळेपर्यंत खाडीत मासळी उरली नव्हती, म्हणून ते वागळे इस्टेटमध्ये फिटर झाले, तेही काकांच्याच कंपनीत. कंपनीत काका त्यांचे साहेब. रस्त्यात काका दिसले की बाबा विडी विझवायचे. त्या काळी घरोघरी पंपाचे स्टोव्ह होते आणि आमच्या चाळीत कुणाचाही स्टोव्ह बिघडला की तो माझ्यापुढं यायचा. वॉशर बदलणं, पिन मारणं, बर्नर उकलून काजळी झटकणं, हे मी पाचवीपासून करायचे. कुणी शिकवलं नव्हतं. बाबांची जुनी पक्कड घेऊन बसले की जेवायची शुद्ध राहत नसे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं आणि यंत्रांचा डिप्लोमा करायचा, हे माझं ठरून गेलं होतं. बाबा ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, गप्प आहेत म्हणजे मान्य आहे.

माझी चाचणी झाली त्या रविवारी मी जितकी खूश होते तितकी त्याआधी क्वचितच होते. दातेरी चाकांची चित्रं होती. हे चाक उजवीकडे फिरलं तर शेवटचं कुठं फिरेल, ही दोरी ओढली तर कुठलं वजन वर जाईल. मला ती चित्रं कागदावर फिरताना दिसत होती. काकूंचे पोहे निवून गेले. शेवटी काकांनी कागद हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "वेळ संपली गं. आणखी चित्रं नाहीत माझ्याकडे." ते माझ्याकडे बघून हसले. ते हसू मी पुढं पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे.

अहवाल पुढच्या रविवारी मिळे. तो आतल्या खोलीत, फक्त घरच्या माणसांसमोर वाचायचा, हा त्यांचा नियम. त्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालत आणि उभं राहून वाचत. माझ्या अहवालात लिहिलं होतं की मुलीला समजावून सांगण्याची हातोटी आहे, लहान मुलांची माया आहे, चिकाटी आहे. मग एक ओळ होती, "यंत्रे व हत्यारे यांकडे कल कमी." शेवटी शिफारस, "अध्यापन." वाचून झालं की मुलानं त्याखाली स्वतःच्या हातानं "मला हे पटले" असं लिहून सही करायची. एवढ्यापुरतं मात्र पेन मिळे. बाबा फरशीकडे बघत होते. मला रडू आलं नाही. मला शरम वाटली. इतकी वर्षं चाळभर पक्कड घेऊन मिरवत होते आणि ते आपलं नव्हतंच, हे साऱ्या घरासमोर उघडं पडल्यासारखं झालं. मी वळणदार अक्षरात लिहिलं, "मला हे पटले."

त्या आठवड्यात शेजारच्या काकी स्टोव्ह घेऊन आल्या. मी म्हटलं, "मला नाही जमत." त्यांना वाटलं, अभ्यास आहे. पुढं लग्न झालं, कल्याणला घर झालं, तिथं फ्यूज उडाला तरी मी खालच्या वायरमनला हाक मारायची आणि तो येईपर्यंत अंधारात बसून राहायची. नवरा हसायचा, "फिटरची मुलगी ना तू?" मी म्हणायची, "माझा कल नाही त्यात." इतक्या ठामपणे म्हणायची की तो पुढं विचारायचा नाही.

डी.एड. करून मी कल्याणच्या एका शाळेत लागले. वाईट चाललं होतं असं म्हणणार नाही. मुलं माझ्याभोवती जमायची. माझ्या यशाचं सगळं श्रेय मी काकांना द्यायची. दर शिक्षकदिनी पेढे घेऊन जायची. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, तेव्हा उत्तरपत्रिका तपासायचं काम मी आपणहून मागून घेतलं. त्यांच्याकडे भोकं पाडलेले पुठ्ठे होते, त्यांना ते चाळण म्हणत. उत्तरपत्रिकेवर चाळण ठेवायची आणि ज्या भोकांतून पेन्सिलीची खूण दिसेल ती मोजायची. गठ्ठा घरी न्यायचा, मंगळवारी गुणतक्त्यासकट परत द्यायचा. अहवाल काका लिहायचे. बुधवारी संध्याकाळी पालक एकटे, मुलाशिवाय भेटायला येत, हे मला ठाऊक होतं. घरात माणसं किती, अभ्यासाला जागा आहे का, असली माहिती घेत असतील, असं मी समजत होते. सात वर्षं मी हे काम केलं. आमच्या शाळेतल्या बायकांची मुलं, भाचे, पुतणे, सगळ्यांना मी काकांकडे पाठवलं. "तिथं खरं कळतं," असं सांगून पाठवलं.

एका आठवड्यात माझा गठ्ठा मंगळवारी पुरा झाला नाही. बुधवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून तो घेऊन गेले. काकू बाहेरच्या खोलीत कोथिंबीर निवडत होत्या. आत कुणीतरी आलेलं होतं. दार अर्धवट लोटलेलं होतं.

काका विचारत होते, "तुमच्या मनात काय आहे?"

"दुकान, दुसरं काय," आतला माणूस म्हणाला. "माझ्यामागं कोण बघणार? त्याच्या डोक्यात ते चित्रकलेचं खूळ शिरलंय. आमचं ऐकत नाही. तुम्ही लिहिलंत की ऐकेल तो."

"लिहितो," काका म्हणाले.

इतकंच. दुकानदाराचा मुलगा त्या रविवारी एकच होता; त्याची उत्तरपत्रिका माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्यात होती. तीन दिवसांपूर्वी मीच ती तपासली होती. आकृत्यांच्या भागात इतके गुण मी कधी कुणाला मोजले नव्हते. मोजताना कौतुकानं नवऱ्यालाही दाखवले होते.

तो माणूस गेल्यावर मी आत गेले. गठ्ठा ठेवला आणि म्हटलं, "काका, मला माझी उत्तरपत्रिका बघायची आहे." त्यांनी काहीतरी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. खाटेखालची ट्रंक स्वतः ओढली आणि बाजूला सरकून बसले. जुने कागद वर्षावार बांधलेले होते. माझा सापडला. टेबलावर चाळण होतीच. यंत्रांच्या भागात चाळीसपैकी अडतीस. मला वाटलं, चुकले. परत मोजले. अडतीसच. अध्यापनाशी जोडलेले भाग बरे होते, त्याहून जास्त काही नाही. कागदाच्या कोपऱ्यात काकांच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीनं, लिहिलं होतं, "बुधवार. वडील भेटले. मुलगी मशीनवर नको. शिक्षिका चालेल."

"काका, हे काय आहे?"

"तुझे वडील त्या दिवशी बसलेसुद्धा नाहीत," ते म्हणाले. "उभ्या उभ्याच बोलले. मी खरं लिहिलं असतं तर त्यांनी तुला दहावीनंतर घरी बसवलं असतं. शिक्षिका लिहिलं म्हणून तू शिकलीस. घरात जे चालेल त्यातलं सगळ्यांत चांगलं मी प्रत्येकाला काढून देतो."

"आणि आजचा मुलगा?"

"सगळ्यांचं असं करावं लागत नाही. बहुतेक घरांत मुलाचं आणि बापाचं एकच असतं. जिथं नसतं तिथं मी मध्ये उभा राहतो."

"मध्ये नाही, काका. तुम्ही त्यांच्या बाजूला उभे राहता. आणि मुलाकडून सही घेता."

 मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. एवढं आठवतं की पॉलिटेक्निक गेलं म्हणून मी भांडत नव्हते. ते कदाचित तसंही गेलं असतं. आपल्याला यंत्रातलं काही कळत नाही असं मी बारा वर्षं मानलं, ते मला सहन होत नव्हतं. मला न कळणाऱ्या गोष्टींच्या यादीत त्यांनी माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट लिहिली होती आणि खाली माझंच अक्षर होतं. वर माझ्याच हातांनी मोजलेल्या किती मुलांचं असं झालं असेल, ते विचारायचीही मला भीती वाटली.

तशीच पूल ओलांडून कोपरला गेले. बाबा निवृत्त झाले होते. ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या पंख्याचं काहीतरी उकलत होते. मी सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"मी सायबांना सांगितलं, पोर मशीनवर नको. शॉपमदी बायांबद्दल काय बोलतात ते मी रोज ऐकत होतो, बाय. तुला तिथं कशी धाडू? माझं तू ऐकलं नसतंस. त्यांचं ऐकलं असतंस."

"आणि मला किती मार्क पडले, ते?"

बाबांचा चेहरा एकदम उजळला. तेच मला सर्वांत जास्त लागलं. "ते सायबांनी सांगितलेलं. म्हनाले, फिटर, पोरगी तुझ्या पुढं हाय. मला कसला आनंद झालेला, बाय! दोन दिवस जेवन गोड लागत नव्हतं, कुनाला सांगू नि कुनाला नको."

कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या ज्या दोन माणसांचा शब्द मी प्रमाण मानत होते, त्या दोघांना मी कोण आहे हे माहीत होतं. दोघांना त्याचा अभिमानही होता. फक्त मला कळू द्यायचं नाही, एवढं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. बाबांवरचा राग हळूहळू उतरला, कारण ते घाबरले होते आणि घाबरलेल्या बापावर किती दिवस रागावणार? काका घाबरलेले नव्हते. त्यांना रागवायला मला भरपूर जागा होती आणि मी ती सगळी वापरली. गठ्ठे बंद केले. पेढे बंद केले. काकूंचा निरोप आला, त्याला उत्तर दिलं नाही. अशी तीन वर्षं गेली.

मग सुरेखाची गोष्ट घडली. ती माझ्या सातवीच्या वर्गात होती. वडील कल्याणच्या भाजी बाजारात हमाली करायचे. मुलगी अबोल, पण वर्गाच्या दाराची कडी अडकली की सगळे तिच्याकडे बघायचे. कंपासपेटीतल्या करकटकानं ती कडी सोडवायची आणि जागेवर जाऊन बसायची. एकदा मी फळ्यावर ती दातेरी चाकं काढली. सहा चाकं. मी शेवटचं चाक काढून व्हायच्या आधी तिनं उत्तर सांगितलं. मला त्या दिवशी शिकवणं जमलं नाही.

वार्षिक परीक्षेनंतर तिचे वडील दाखला विचारायला आले. पुढच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेत दहावीपर्यंत शिकवू, तिथं शिवणकामही शिकवतात, असं त्यांचं ठरलं होतं. मी नुसतं "छान" म्हणायचं होतं. मी सुरेखाला शेजारी उभं केलं आणि तिच्यासमोर म्हटलं, "तुमच्या मुलीचं डोकं यंत्राचं आहे. शंभरात एखादीचं असतं. हिला टेक्निकलच्या शाळेत घाला. फॉर्म मी भरते." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिथं सगळे पोरगेच ना, बाई?" एवढंच विचारलं, हात जोडले आणि "बघतो" म्हणून गेले.

जूनमध्ये सुरेखा कुठल्याच शाळेत गेली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, तिला मुरबाडच्या बाजूला आत्याकडे ठेवलं होतं. "बाईंनी पोरीच्या डोक्यात भलतंच भरवलं," असं तिचे वडील बाजारात सांगत होते. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी दार उघडलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी काकांकडे गेले. का गेले, हे मला नीट सांगता येणार नाही. एवढ्या मोठ्या चुकीबद्दल बोलायला दुसरं कोणी नव्हतं, हेच खरं. चाचण्या बंद झाल्या होत्या. काकांना आता फारसं दिसत नव्हतं, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मग वाट बघत राहिले, की आता म्हणतील, बघ, मी काय सांगत होतो. ते म्हणणं ऐकायची माझी तयारी झाली होती. कदाचित तेच ऐकायला आले होते.

 मग त्यांनी विचारलं, "तू हे बोललीस तेव्हा ती मुलगी तिथंच होती?"

"माझ्या शेजारी उभी होती."

"तिनं ऐकलं सगळं?"

"ऐकलं. माझ्याकडे बघत होती."

काकांनी मान हलवली. "मग तुझ्यापेक्षा बरी आहे ती," ते म्हणाले.

तीन वर्षं मला त्यांच्या तोंडून चुकलो एवढा एक शब्द हवा होता. तो त्यांनी दिला नाही. जे दिलं ते त्याहून जड होतं आणि ते घेऊन बसायला मला जमेना. काकूंनी चहा टाकला होता, तो न घेताच उठले. पुढच्या वर्षी काका गेल्याचं कळलं. मी गेले नाही.

मी त्यांना माफ केलेलं नाही. सुरेखाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, त्यामुळं मी बरोबर होते असंही छाती ठोकून म्हणू शकत नाही. पण मला पहिल्यांदा कोणी ओळखलं असं विचारलं, तर मला काकांचंच नाव घ्यावं लागतं. घरात पक्कड घेऊन बसलेली मी रोज दिसायची तरी कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि या माणसानं एका सकाळच्या कागदावरून मला पूर्ण ओळखलं होतं. ओळखलं, कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि ट्रंक बंद केली.